तेरा फेब्रुवारी की दहा मार्च? झाडीपट्टीतल्या तिबेट्यांचा स्वातंत्र्यदिन

गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीत स्वातंत्र्यदिन कधी असतो, असं अर्जुनी मोरगावच्या बाजारात विचारून बघा. कुणी सांगेल मार्चमध्ये, कारण तेव्हा झेंडे लागतात आणि घोषणा होतात. कुणी जुलै सांगेल, कारण त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून नाचगाणं असतं. एखादा म्हणेल, "पंधरा ऑगस्टच करतेत ना जी, आपल्यासारखाच." हे शेवटचं उत्तर खरंच आहे, पण तो स्वातंत्र्यदिन आपला. त्यांचा कोणता, हे समजून घ्यायचं तर थोडं ल्हासापर्यंत जाऊन यावं लागतं.

आधी वसाहतीबद्दल. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड आणि इटियाडोह धरणाच्या परिसरात 'नॉर्ग्येलिंग' नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती वसली. महाराष्ट्रातली तिबेट्यांची शेतीवर वसवलेली वसाहत म्हटलं की हीच. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण धरमशालेच्या, म्हणजे हिमाचलातून चालणाऱ्या तिबेटी निर्वासित प्रशासनाच्या, कागदपत्रांत या वसाहतीचं नाव अजून 'भंडारा'च आहे. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या थंड, कोरड्या पठारावरची माणसं मे महिन्यात पंचेचाळीस अंश दाखवणाऱ्या धानाच्या मुलखात आली. याला धाडस म्हणावं की नाइलाज? मला तरी नाइलाजच जास्त दिसतो.

एवढ्या लांब ती आली, कारण १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी भारतात उतरले. सुरुवातीला बऱ्याच जणांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर लावलं गेलं. एवढ्या लोकांना कायम रोजंदारीवर ठेवता येणार नव्हतं, म्हणून नेहरूंच्या सरकारनं राज्यांकडे जमीन मागितली. कर्नाटकानं सगळ्यात जास्त दिली. १९६० मध्ये बैलकुप्पे इथं पहिली मोठी वसाहत उभी राहिली. पुढे ओडिशात चंद्रगिरी, आजच्या छत्तीसगडात मैनपाट, आणि मग आपल्याकडे झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला हा जंगलाचा आणि धानाचा पट्टा. अट एकच होती. लोक विखुरले जाऊ नयेत, एकत्र राहावेत, म्हणजे भाषा आणि धर्म टिकेल. स्वातंत्र्याच्या स्मरणाचा एक दिवस इतक्या लांब येऊन टिकला, त्याला ही एकत्र वस्तीच कारणीभूत आहे. चार घरं नागपुरात, दोन रायपुरात अशी पांगली असती तर झेंडा कुठं लावणार होते?

१९१३ : जमीनमहसुलासकट आलेलं स्वातंत्र्य

तिबेटी स्वातंत्र्यदिन म्हणून जी तारीख सांगतात ती १३ फेब्रुवारी, वर्ष १९१३.

त्याआधी काय झालं ते थोडक्यात. १९१० मध्ये चीनच्या छिंग राजवटीचं सैन्य ल्हासात घुसलं आणि तेव्हाचे तेरावे दलाई लामा भारतात पळून आले. दार्जिलिंग-कालिम्पाँग भागात त्यांनी दोनेक वर्षं काढली. म्हणजे भारतात आश्रय घेणारे आताचे चौदावे दलाई लामा पहिले नव्हेत, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. १९११ च्या ऑक्टोबरात चीनमध्ये क्रांती झाली, काही महिन्यांत बादशाही कोसळली, आणि ल्हासातल्या चिनी फौजेला पगार आणि पाठबळ दोन्ही मिळेनासं झालं. तिबेट्यांनी १९१२ मध्ये त्या फौजेला बाहेर काढलं. १९१३ च्या जानेवारीत दलाई लामा ल्हासात परतले आणि महिनाभरात त्यांनी एक जाहीरनामा काढला.

जाहीरनाम्यात म्हटलं होतं ते साधारण असं : चीनच्या बादशहाशी आमचं नातं धर्मगुरू आणि आश्रयदाता असं होतं, एकानं दुसऱ्याच्या ताब्यात असण्याचं नव्हतं. त्या नात्याच्या आडून आमच्यावर राज्य करायचा चिनी बेत आता आभाळातल्या इंद्रधनुष्यासारखा विरून गेला आहे. आम्ही लहान, धर्म पाळणारं आणि स्वतंत्र राष्ट्र आहोत.

मला या जाहीरनाम्यातला पुढचा भाग जास्त वाचण्यासारखा वाटतो. त्यात पडीक जमिनीबद्दल लिहिलं आहे. मोकळी पडलेली जमीन कुणी कसत असेल तर त्याला अडवू नये. पहिली तीन वर्षं सारा घेऊ नये, त्यानंतर सरकारला आणि जमीनमालकाला त्यांचा वाटा द्यावा. हातपाय तोडण्याच्या शिक्षा यापुढे बंद, असंही त्यात आहे. अधिकाऱ्यांनी सारा गोळा करताना रयतेला नाडू नये, हेही आहे. स्वातंत्र्याच्या घोषणेत पडीक जमीन आणि तीन वर्षांची साराफूट! आपल्याकडे वनजमिनीच्या पट्ट्यासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला तिबेटच्या इतिहासातली ही ओळ सगळ्यात आधी पटेल. त्यावरून एक गोष्टही कळते. हा कागद जगाला दाखवण्याआधी आपल्याच रयतेसाठी लिहिला होता. तोच त्याचा दुबळेपणा ठरला, असं पुढे चिनी बाजूनं आणि काही परदेशी अभ्यासकांनीही म्हटलं. दुसऱ्या देशांना रीतसर कळवून त्यांची मान्यता मिळवण्याचं काम अर्धवट राहिलं.

आता तारखेचा घोळ. मूळ जाहीरनाम्यावर इंग्रजी तारीख नव्हती. तिबेटी पंचांग आपल्यासारखंच चांद्र आहे. जल-बैल संवत्सर, पहिला महिना, अष्टमी, असा तो दिवस. तिबेटी नवं वर्ष म्हणजे लोसर. त्याच्या आठवड्याभरानंतर ही घोषणा आली. तिथीनं पाळायचं तर हा दिवस दरवर्षी सरकेल. पण जगभरचे तिबेटी तो इंग्रजी तारखेनंच, १३ फेब्रुवारीला पाळतात. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद ज्यांनी गावात भोगला आहे त्यांना इथं जास्त सांगायला नको. लोसर मात्र तिथीनंच येतो, आणि अनेक वर्षी महाशिवरात्रीनंतर दोन-तीन दिवसांनी. प्रतापगडाच्या यात्रेची गर्दी पांगते न पांगते तोच वसाहतीत खाप्से तळायला घेतलेले असतात. खाप्से म्हणजे मैद्याचे तळलेले, वेगवेगळ्या आकारांचे पदार्थ. आपल्या शंकरपाळ्यांचे भाऊबंद समजा.

देश होता, पण मान्यता नव्हती

या विषयात हाच भाग किचकट आहे, म्हणून जरा सावकाश.

१९१३ ते १९५० या काळात तिबेटजवळ स्वतःचं सरकार, स्वतःचं छोटं सैन्य, स्वतःचं चलन आणि टपाल तिकिटं होती. दुसऱ्या महायुद्धात त्यानं तटस्थ राहायचं ठरवलं आणि आपल्या भूमीवरून युद्धसाहित्य न्यायला दोस्त राष्ट्रांना नकार दिला. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद झाली, तिथं तिबेटचं स्वतंत्र शिष्टमंडळ होतं. आपला देश स्वतंत्र व्हायला अजून साडेचार महिने होते, आणि तिबेटचे प्रतिनिधी दिल्लीत तिबेटचा झेंडा घेऊन बसले होते. त्यानंतर तिबेटचं एक व्यापारी शिष्टमंडळ तिबेटी पासपोर्टवर अमेरिका आणि ब्रिटनला जाऊन आलं.

म्हणजे व्यवहारात देश होता. पण कायद्याच्या भाषेत एखादा देश 'आहे' असं ठरायला इतर देशांनी तसं म्हणावं लागतं. तिथं तिबेटची बाजू लंगडी पडते. मंगोलियाबरोबर १९१३ च्या सुरुवातीला एक करार झाला होता, त्यात दोघांनी एकमेकांना स्वतंत्र मानलं होतं. पण तेव्हा मंगोलियालाच कुणी फारसं मानत नव्हतं. ब्रिटिशांनी १९१३-१४ मध्ये सिमल्याला तिबेट आणि चीन दोघांना समोरासमोर बसवलं. चिनी प्रतिनिधीनं मसुद्यावर आद्याक्षरं केली, पण त्याच्या सरकारनं करार नाकारला. जुलै १९१४ मध्ये ब्रिटन आणि तिबेट दोघांनीच तो पुढे नेला. आज अरुणाचलच्या सीमेवरून जो मॅकमोहन रेषेचा वाद चालतो, ती रेषा याच बैठकीतली. यातला पेच बघा. तिबेटला करार करायचा अधिकार नव्हता असं म्हटलं, तर ती रेषाही डळमळते. भारताला ही गोष्ट उघड बोलायला अवघड जाते, पण ती तशी आहे.

चीनचं म्हणणं वेगळं. तेराव्या शतकातल्या युआन राजवटीपासून तिबेट चीनचाच भाग आहे, मधल्या काळात केंद्रसत्ता दुबळी झाली होती इतकंच, असं तिथलं सरकार सांगतं. त्यांच्या लेखी १३ फेब्रुवारीला काहीच घडलं नाही. त्यांचे दिवस निराळे : २३ मे, कारण १९५१ मध्ये त्या दिवशी चीन आणि तिबेट यांच्यात सतरा कलमी करार होऊन तिबेट 'शांततेनं मुक्त' झालं. आणि २००९ पासून २८ मार्च, 'भूदास मुक्तिदिन' म्हणून. एकाच प्रदेशाच्या 'मुक्ती'चे दोन सण, एकमेकांच्या नेमके उलट. कुठलं सरकार कोणता दिवस पाळतं यावरून त्याची बाजू कळते, म्हणूनच या तारखांवरून एवढं राजकारण होतं.

मग दहा मार्चला काय?

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात, छामदो भागात उतरलं. पुढच्या वर्षी सतरा कलमी करार झाला. तो दबावाखाली झाला, असं तिबेटी म्हणतात. आठ वर्षं कसंबसं चाललं. मार्च १९५९ मध्ये ल्हासात बातमी पसरली की दलाई लामांना चिनी छावणीत एका नृत्याच्या कार्यक्रमाला बोलावलं आहे आणि अंगरक्षक आणू नका असं सांगितलं आहे. लोकांना घातपाताचा संशय आला. १० मार्चला हजारो लोकांनी त्यांच्या नोर्बुलिंगका राजवाड्याला कडं केलं आणि त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. बारा मार्चला बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर आल्या. सतरा मार्चच्या रात्री तेवीस वर्षांचे दलाई लामा वेष पालटून निघाले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूनं भारतात पोहोचले. मागं ल्हासात बंड चिरडलं गेलं.

१० मार्च हा म्हणून उठावदिन आहे. विजयाचा नाही, हरलेल्या लढाईचा. पण भारतातल्या वसाहतींत वर्षातला सगळ्यात गंभीर आणि सगळ्यात न चुकणारा राजकीय कार्यक्रम हाच. सकाळी तिबेटी राष्ट्रध्वज लागतो. पांढरा बर्फाळ डोंगर, दोन हिमसिंह, मागे सहा लाल आणि सहा निळे किरण, तीन बाजूंना पिवळी किनार. शेजारी तिरंगा असतो. राष्ट्रगीत होतं, मृतांसाठी मौन होतं, मग धरमशालेहून आलेलं निवेदन वाचलं जातं. एक त्यांच्या मंत्रिमंडळाचं, म्हणजे काशागचं, आणि एक निर्वासित संसदेचं. २०११ पर्यंत या दिवशी खुद्द दलाई लामांचं निवेदन असायचं. त्या वर्षी त्यांनी राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले, तेव्हापासून ती प्रथा बदलली. निवेदन लांबलचक असतं, आणि बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटू शकतं. पण आपल्याकडे पंधरा ऑगस्टला पालकमंत्र्यांचं भाषण ऐकणाऱ्यांनी तक्रार करू नये.

एकाऐवजी पाच दिवस, आणि स्वेटरचा हंगाम

तिबेट्यांच्या वर्षात असे पाच दिवस येतात. १३ फेब्रुवारी आणि १० मार्च सांगून झाले. ६ जुलै दलाई लामांचा वाढदिवस. २०२५ मध्ये त्यांना नव्वद वर्षं झाली. २ सप्टेंबर लोकशाही दिन, कारण १९६० मध्ये त्या दिवशी निर्वासितांची पहिली लोकप्रतिनिधी सभा भरली. १० डिसेंबर, कारण १९८९ मध्ये त्या दिवशी दलाई लामांना नोबेल शांतता पारितोषिक मिळालं आणि तो मानवी हक्क दिनही आहे.

हे दिवस झाडीपट्टीच्या वर्षावर ठेवून बघितले की गंमत कळते. जुलैचा सहावा म्हणजे धानाच्या रोवणीचा काळ, सगळीकडे चिखल. तरीही पुरुष छुबा, म्हणजे लांब अंगरखा, घालतात, बायका कमरेला रंगीत पट्ट्यांचा पांगदेन, म्हणजे एप्रनसारखं वस्त्र, बांधतात. गळ्यात खाता, म्हणजे मानाचं पांढरं उपरणं, पडतो, गोल रिंगण करून नाच होतो. गोड भात आणि लोणी घातलेला खारट चहा असतो. दोन सप्टेंबर पोळ्याच्या आगेमागे येतो.

दहा डिसेंबरला मात्र वसाहत जवळपास ओस असते. कारण स्वेटर. ऑक्टोबर ते जानेवारी भारतभरच्या तिबेटी वसाहतींतले लोक लुधियानाहून माल उचलून शहरोशहरी दुकानं लावतात. नागपुरात, आणि विदर्भातल्या इतरही गावांत, थंडी पडली की 'तिबेटी मार्केट' लागतं ते हेच. घरातली कमावती माणसं चार महिने बाहेर, मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. त्यामुळे नोबेलचा दिवस मठात कमी आणि स्वेटरच्या दुकानांच्या ओळीतच जास्त साजरा होतो. दुकानावर दलाई लामांचा फोटो, फोटोला खाता, आजूबाजूच्या दुकानदारांना चहा. थंडी ओसरली की माणसं परततात, मग लोसर, आणि त्यामागून १० मार्च. ज्या समाजाची रोजीरोटी थंडीवर आहे, त्याचं राष्ट्रीय स्मरण उन्हाच्या तोंडावर जास्त दणक्यात होतं, यामागे इतिहासाइतकंच गिऱ्हाइकाचंही गणित आहे.

घरातलाच मतभेद

१३ फेब्रुवारी हाच खरा स्वातंत्र्यदिन असेल तर १० मार्चइतका मोठा का नसतो? याचं उत्तर तिबेट्यांच्या आपसातल्या राजकारणात आहे.

दलाई लामा आणि धरमशालेचं प्रशासन आता पूर्ण स्वातंत्र्य मागत नाही. १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग इथल्या भाषणात दलाई लामांनी चीनच्या चौकटीत खरीखुरी स्वायत्तता, असा प्रस्ताव मांडला. त्याला मध्यम मार्ग म्हणतात. ज्या प्रशासनाचं अधिकृत धोरण स्वायत्ततेचं आहे, त्यानं १९१३ च्या स्वातंत्र्यघोषणेचा जल्लोष करायचा म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर चीनच्या हातात आयतं कोलीत. म्हणून अधिकृत कार्यक्रमपत्रिकेवर १० मार्च ठळक असतो आणि १३ फेब्रुवारी बहुतेक तरुणांच्या संघटनांकडे राहतो. तिबेटी युवक काँग्रेससारख्या संघटना 'रांगझेन', म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, हीच मागणी धरून आहेत. २०१३ मध्ये घोषणेला शंभर वर्षं झाली तेव्हा हा दिवस जगभर बराच गाजवला गेला, त्यातही पुढे होते ते याच विचाराचे लोक.

एका घरात आजी मध्यम मार्गाची आणि नातू रांगझेनचा, असं सर्रास असतं. आजी दलाई लामांचा शब्द मोडणार नाही. नातू दलाई लामांना हात जोडतो आणि धोरणापुरता वेगळा विचार करतो. बाहेरून बघणाऱ्याला यात दुटप्पीपणा दिसतो. मला तो दिसत नाही. गांधीजींना मानणारे सगळेच गांधीजींच्या प्रत्येक निर्णयाला मानत होते, असं आपल्या वर्धा जिल्ह्यातही नव्हतं.

निवडणूक कशी होते तेही जाता जाता सांगतो. निर्वासित संसदेत ४५ जागा आहेत. पण मतदारसंघ गोठणगाव किंवा बैलकुप्पे असे नाहीत. मूळ तिबेटातल्या तीन प्रांतांचे, ऊ-त्सांग, खाम आणि आम्दोचे, दहा-दहा प्रतिनिधी असतात. उरलेले धार्मिक संप्रदायांचे आणि परदेशातल्या तिबेट्यांचे. म्हणजे धानाच्या बांध्यांत वाढलेली, मराठी शिव्या सफाईनं येणारी मुलगी मत देते ते खामच्या उमेदवाराला, जिथं तिचे आजोबा १९५९ मध्ये शेवटचे होते. हे मत देण्यासाठी निर्वासित प्रशासनाच्या हिरव्या पुस्तिकेत दरवर्षीची ऐच्छिक वर्गणी भरलेली असावी लागते.

भारत सरकार नेमकं कुठं उभं आहे?

दोन दगडांवर. १९५४ च्या करारात भारतानं 'चीनचा तिबेट प्रदेश' असा शब्दप्रयोग मान्य केला. २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यातल्या संयुक्त जाहीरनाम्यात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं स्पष्ट लिहिलं गेलं. त्याच वेळी दलाई लामा भारताचे सन्माननीय पाहुणे आहेत, वसाहतींना जमीन आहे, शाळा आहेत. तिबेट्यांनी इथून चीनविरोधी राजकीय कारवाया करू नयेत ही सरकारची जुनी भूमिका आहे, पण १० मार्चचा शांततेतला कार्यक्रम होऊ दिला जातो. सरकारचा मूड चीनशी संबंध कसे आहेत त्यावर हलतो. २०१८ मध्ये निर्वासनाच्या साठाव्या वर्षानिमित्त भारताचे आभार मानण्याचा मोठा कार्यक्रम दिल्लीत ठरला होता. नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यापासून दूर राहावं अशी सूचना निघाली, आणि कार्यक्रम धरमशालेला हलवावा लागला. आभार मानायलाही जागा बदलावी लागते, ही निर्वासिताची गत.

आपल्याच तालुक्यात याच्याशी ताडून बघण्यासारखं एक उदाहरण आहे. अरुणनगर आणि आसपासच्या, तसंच गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागातल्या बंगाली वसाहती. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही हिंदू कुटुंबं बहुतांशी १९६०च्या दशकात इथं वसवली गेली. ते सोडून आले तो प्रदेश १९७१ मध्ये खरोखरच स्वतंत्र देश झाला, संयुक्त राष्ट्रांत गेला, २६ मार्च हा त्याचा स्वातंत्र्यदिन. तरी तो दिवस या वसाहतींचा सण झाला नाही. त्यांचे सण दुर्गापूजा आणि कालीपूजा. कारण सरळ आहे. भारतानं त्यांना नागरिक होण्यासाठीच आणलं होतं आणि परत जायचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. ज्यांचा देश स्वतंत्र झाला ते त्याचा दिवस पाळत नाहीत, आणि ज्यांचा झाला नाही ते पाच-पाच दिवस पाळतात. देश मिळालेल्यांना दिवसाची गरज पडत नाही. तिबेट्यांना तो पाळावा लागतो, कारण नाही पाळला तर हा दावा जगात दुसरं कुणी मांडणार नाही.

नागरिक, निर्वासित, की दोन्ही?

भारतानं १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे 'निर्वासित' हा शब्द आपण बोलण्यात वापरतो, कायद्याच्या खात्यात तिबेटी माणूस 'परदेशी' म्हणून नोंदला जातो. त्याला नोंदणी प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे 'आरसी' म्हणतात. त्याचं ठराविक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ओळखपत्राची पिवळी पुस्तिका. ही दाखवल्यावर विमानतळावर काय काय प्रश्न येतात, ते स्वेटर विकणाऱ्या कुठल्याही काकांना विचारा, गिऱ्हाईक नसेल तर तासभर सांगतील.

पण नागरिकत्व कायदा १९५५ चं तिसरं कलम म्हणतं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय. आईवडील कोण, हे तिथं बघितलं जात नाही. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना पासपोर्ट द्यावा असा निकाल दिला. त्यावर पुढच्या वर्षी अटी आल्या : आरसी आणि पिवळी पुस्तिका परत करा, वसाहतीतलं राहणं आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा. इथं बरेच जण थांबले. वसाहत सोडायची म्हणजे घर, मठ आणि १० मार्चचं मैदानही सोडायचं. काहींनी पासपोर्ट घेतला आणि त्यावरच कॅनडा-अमेरिका गाठली. २००९ च्या तिबेटी प्रशासनाच्या गणनेत भारतात ९४ हजारांवर तिबेटी होते. त्यानंतर हा आकडा घटत गेला, कारण तिबेटातून येणारे जवळपास थांबले आणि इथून जाणारे वाढले. आता टोरांटो आणि न्यू यॉर्कमध्येही १० मार्चला मोर्चे निघतात, आणि त्यांत झाडीपट्टीतली पोरं असली तर नवल नाही.

तिबेटातून आलेल्या आईवडिलांची दोन मुलं घ्या, दोघंही गोंदियाच्या दवाखान्यात जन्मलेली. थोरला १९८५ चा, धाकटी १९८८ ची. कायद्यानं थोरला भारतीय, धाकटी परदेशी. दोघंही निर्वासित संसदेला मत देतात. विधानसभेच्या दिवशी अर्जुनी मोरगावच्या मतदान केंद्रावर जाऊ शकतो तो फक्त थोरला, तेही त्यानं यादीत नाव घालून घेतलं असेल तर. बरेच जण घालत नाहीत. काहींना वाटतं की भारतीय झालो की तिबेटचा दावा सोडल्यासारखं होईल. काहींना तलाठ्यापासून तहसीलपर्यंतचे हेलपाटे नको असतात, आणि या दुसऱ्या कारणासाठी तिबेटीच असायला हवं असं नाही.

कार्यक्रम बघायला जायचं असेल तर भारतीय नागरिकाला वसाहतीत जायला वेगळा परवाना लागत नाही. अनेक तिबेटी वसाहतींसाठी तो परदेशी पाहुण्यांना लागतो. १० मार्चला जा, आणि सकाळी लवकर जा, उन्हं चढायच्या आत मुख्य भाग उरकतो. त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं की उभं राहायचं, तिरंग्यासाठी राहता तसंच. मौन असेल तेव्हा मोबाइल बंद. ज्यांच्या नातलगांना अजून तिबेटात राहावं लागतं त्यांचे फोटो न विचारता काढू नका आणि काढले तरी नावानिशी टाकू नका, त्याचा त्रास तिकडच्या माणसांना होऊ शकतो. सहा जुलैला गेलात तर जेवूनच यावं लागेल. नाही म्हणून बघा, कुणी ऐकत नाही.